नात्याचा रकाना

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुझ्या रिटायरमेंटच्या फोटोत मधे उभी आहे ती कोण?" फोटो मी पाठवला होता तो माझा म्हणून. हार माझ्या गळ्यात आहे, शाल माझ्या खांद्यावर आहे, हिरवी साडी नेसून कडेला उभी आहे तीही मीच. पण मधोमध ती आहे आणि केक कापायची सुरी तिच्या हातात आहे. तुमच्या बाबाला विचाराल तर तो हसून म्हणेल, "ती होय? ती अक्का." तेवढ्यानं काही कळायचं नाही. म्हणून हे लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहिलं तर अक्का उगाच सभ्य वाटेल.

मला सगळं क्रमानं लिहायची सवय आहे. वॉर्डातल्या कपाटात औषधाच्या बाटल्या मी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावत असे. अक्का वापरलेली बाटली हाताला येईल तिथं ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी न बघता उचलायची. माझ्या कपाटात मला जी बाटली सापडत नसे ती हमखास तिनं ठेवलेली असे. तेव्हा हेही क्रमानं होईल असं समजू नका. आणखी एक. समोर मी तिला कायम "तुम्ही" म्हटलं आणि मनात कायम "ती". हे मनातलं लिखाण आहे.

आमचा सरकारी दवाखाना नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, हिमायतनगरच्याही पलीकडे, जंगलाच्या बाजूला होता. इस्लापूरकडची माणसं यायची, तांड्यावरची यायची, तेलंगणाच्या हद्दीतलीही वाट चुकल्यासारखी यायची. मी इनचार्ज सिस्टर आणि अक्का माझ्या हाताखाली. कागदावर.

ती उदगीरच्या बाजूची, किराणा दुकानदाराची लेक. कपाळाला विभूती. रागावली की अर्धी मराठीत आणि अर्धी कानडीत रागवायची, आणि कानडी अर्ध्याला माणसं जास्त घाबरायची, कारण त्यात काय आहे ते कळायचं नाही. आवाज असा की ती ओपीडीत बोलली तर बाळंतिणींच्या खोलीत एखादीला कळ यायची. बदली होऊन आमच्याकडे आली ती कधी गेलीच नाही. प्रत्येक बदलीच्या वेळी गावच्या लोकांनी तिला थांबवून घेतलं. माझी बदली निघाली असती तर कुणी थांबवलं असतं का, हा विचार मी करून पाहिला आहे. उत्तर काढलेलं नाही.

मी हजर झाले त्या दिवशी ती दारातच भेटली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "कुनाची गं तू?"

म्हटलं, "मी नवी इनचार्ज."

"ती झाली नोकरी. कुनाची?"

हा प्रश्न आमच्या भागात कुणालाही विचारतात, त्यात वाकडं काही नसतं असं विचारणाऱ्याला वाटतं. पण माझ्या वडिलांच्या, म्हणजे तुमच्या पणजोबांच्या लहानपणी या प्रश्नाच्या उत्तरावर पाणी कुठून आणि कसं मिळायचं ते ठरायचं. घरानं दीक्षा घेतली, वडील शिकले, मास्तर झाले आणि मला कळू लागल्यापासून शब्दकोश पुढे ठेवून त्यांनी मला इंग्रजी शिकवलं. ते म्हणत, "कागद चांगल्या इंग्रजीत असला की तो कुणाचा आहे हे कुणी विचारत नाही." आणि म्हणत, "ज्याचं कुणी नाही त्याचंही काम व्हावं, म्हणून सरकार असतं."

मी अक्काला माझं नाव आणि आडनाव सांगितलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिले. आडनाव ऐकल्यावर चेहऱ्यावर काय होतं ते मी आयुष्यभर पाहिलं आहे. तिच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. तिनं डोळे वर करून कसलासा हिशेब जुळवला आणि म्हणाली, "तुमच्या शेजारच्या गावात माझ्या मावशीची नात दिली हाय. मंग तू माझी भाचीच लागतीस की."

"मी कुणाची भाची नाही," मी म्हटलं. "चार्ज कुणाकडून घ्यायचा ते दाखवा."

तिनं मान डोलावली. वाईट वाटून घेतलं नाही, की वाटलेलं दाखवलं नाही. पण त्यानंतर तिनं मला कधी नातं लावलं नाही. शेख टेलरची आई तिची मावशी झाली, तांड्यावरचा नाईक तिचा दीर झाला, ऍम्ब्युलन्सचा ड्रायव्हर तर तिला कानडीत अव्वाच, म्हणजे आईच, म्हणायचा. मी मात्र शेवटपर्यंत "सिस्टर". माझ्यामुळे तुमचे आजोबा नुसते "सर". मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि रोज डबा खाताना मी तिच्याभोवतीच्या घोळक्याकडे बघत माझी पोळी एकटी संपवत होते.

मग कॉम्प्युटर आला.

त्याआधी पेशंट नांदेडला पाठवायचा म्हणजे हातात चिठ्ठी द्यायची. तिकडं जागा आहे का, डॉक्टर आहेत का, देवाला ठाऊक. दारातून परत पाठवलेली माणसं दुसऱ्या दिवशी आमच्याच बाकावर दिसायची. नव्या पद्धतीत तसं नव्हतं. इथून पेशंटची सगळी माहिती पडद्यावर भरायची आणि पाठवायची. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात टेबलावर बसलेला डॉक्टर ती वाचून घेतो म्हणायचा. तोवर आमच्या पडद्यावर पेशंटच्या नावापुढे पिवळा ठिपका, घेतलं की हिरवा. हिरवा झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही असा नियम. मला ही पद्धत फार आवडली. ती माझ्या वडिलांनी काढल्यासारखी होती.

नांदेडच्या ट्रेनिंगला आम्ही दोघी एकाच जीपमधून गेलो. शिकवणारा मुलगा पुण्याकडचा. मी वहीत टिपून घेतलं, इंग्रजीत दोन-तीन शंका विचारल्या, तो म्हणाला, "एक्सलंट क्वेश्चन, मॅडम." अक्का अर्धा वेळ झोपली होती. उरलेल्या वेळात तिनं एकच प्रश्न विचारला. चहा त्यांच्याकडून आहे की आपापला. त्या दिवशी मी खूश होते. तो एकच दिवस.

कॉम्प्युटर खोलीत बसवला तेव्हा तिनं त्याला हळदकुंकू लावलं आणि नाव ठेवलं, जावई.

"बाहीरून आलाय," ती सगळ्यांना समजावून सांगत होती, "घरातली समद्यात भारी खोली ह्याला, पंखा ह्याला, धूळ लागू नये म्हून पांघरूण ह्याला. आन् कामाची येळ झाली की रुसतो. जावई न्हाई तर काय हाय?"

मी दारावर इंग्रजीत आणि मराठीत छापील सूचना लावली होती, सर्व्हर बंद असल्यास कृपया प्रतीक्षा करावी. ती कुणी वाचली नाही. "जावई रुसला" म्हटलं की बाकावरची म्हातारी माणसंसुद्धा समजून हसायची आणि तंबाखू काढून निवांत बसायची. एकदा मशीन अडलं म्हणून मी जिल्ह्याच्या तंत्रज्ञाला फोन केला, काय बिघडलं ते नीट सांगितलं. तो म्हणाला, "सिस्टर, एक काम करा, जावयाला बंद करून परत चालू करा."

आता हिरव्या-पिवळ्याचं सांगते. ज्या सिस्टरची ड्यूटी तिनं आपल्या नावानं आत शिरायचं आणि माहिती भरायची. मी भरलेली माहिती तुमच्या मास्तरांनी फळ्यावर लावावी अशी असे. आजाराची सुरुवात, नाडी, रक्तदाब, काय दिलं, कधी दिलं, नांदेडकडून काय अपेक्षा आहे. एक स्पेलिंग चुकायचं नाही. आणि माझा ठिपका पिवळा तो पिवळाच. अक्का एका बोटानं, ओठ हलवत, कळ शोधून शोधून टाइप करायची. तिच्या फीवरमध्ये दोन व्ही असायचे. आणि मी चष्मा पुसून घालेपर्यंत तिचा ठिपका हिरवा. "झालं गं बाई माझं हिरवं," ती सांगायची, जसं काही हातभर बांगड्या भरून आली आहे.

इस्लापूरकडची एक बाई मला आठवते. पहिलटकरीण, पायावर सूज, रक्तदाब चढलेला. मी दोन परिच्छेद लिहिले. पिवळा. त्याच वेळी अक्कानं एक पाय मोडलेला म्हातारा भरला होता. हिरवा. म्हातारा गाडीत बसून निघाला आणि ती बाई नवऱ्याचा हात धरून बाकावर बसून राहिली. गाडी परत आली तरी पिवळा. अक्कानं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं, मला उठवलं, आपल्या नावानं आत शिरली आणि पुन्हा सगळं भरलं. हिरवा.

पुढे ती बाई बाळ घेऊन पेढे द्यायला आली ती अक्काला शोधत. मलाही पेढा मिळाला, अक्काच्या हातून. "घे सिस्टर, आपल्या पोरीचा हाय." तो मी खाल्ला. गोड होता हे मान्य करते.

मला वाटायचं नांदेडला हिची ओळख आहे. कुणीतरी मोठा साहेब हिच्या गावचा असणार. ती काय भरते ते बघावं असं रोज वाटायचं आणि रोज मी बघत नव्हते. दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावायचं नाही असं मला शिकवलं होतं.

मग एक दिवस जिल्ह्याची बैठक झाली, कॉम्प्युटरवरच. पडद्यावर चौकोनाचौकोनांत सगळ्या दवाखान्यांचे चेहरे. आमच्या चौकोनात मी खुर्चीवर आणि मागे अक्का उभी. नांदेडचे साहेब म्हणाले, "अक्का, एक विचारू का? तुमचं खानदान केवढं आहे हो?"

अक्का म्हणाली, "का साहेब?"

"मागं तुमचा दीर आला, तो राठोड. मग मावशी आली, ती शेख. काल मावसभाऊ म्हणून लिहून आला, तर पगडीवाले सरदारजी. सगळं खानदान आमच्याकडंच भरती होऊन राहिलंय. स्टाफचे नातेवाईक म्हणून आमची पोरं पळत जाऊन घेतात."

तेव्हा मला कळलं. त्या पडद्यावर एक रकाना होता, रिलेशन. पेशंटसोबत जो आला आहे त्याचं पेशंटशी काय नातं, ते त्यात भरायचं. ट्रेनिंगमध्ये हे सांगत होते तेव्हा अक्का झोपली होती. तिला वाटलं, पाठवणाऱ्याचं नातं विचारतात. आणि दवाखाना कुठलाही असो, स्टाफचं माणूस म्हटलं की दार लवकर उघडतं.

"साहेब, त्येच्यात रिलेशन विचारलंय," अक्का म्हणाली. "विचारल्यावर न्हाई कसं म्हणायचं? माणसाच्या इज्जतीचा सवाल असतो."

"अहो, ते सोबत कोण आहे त्याचं नातं. तुमचं नाही."

"सोबत मीच असते की. गाडीत बसेपर्यंत."

सगळे चौकोन हसले. साहेब डोळे पुसत होते. मी हसले नाही.

दुपारी डबा खाताना मी तिला गाठलं. त्या दिवशी मीच उठून तिच्या घोळक्याजवळ गेले. मला बघून बाकीच्या आपोआप उठल्या.

"अक्का, तुमचे दीर आणि भाच्या हिरवे होतात तेव्हा माझे पेशंट मागे ढकलले जातात."

"मंग तूबी लाव नातं. कोन धरलंय तुझं बोट?"

"खोटं लिहू?"

"खोटं काय हाय त्येच्यात? शेखाची म्हातारी दहा येळा मला बेटी म्हणती. मी तिला परकी लिवू?"

"ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याचं काय करायचं?"

तिनं भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवता बुडवता हात थांबवला. "मी कुनाला वळखत न्हाई?" तिनं खरंच विचारलं. आठवून पाहत होती.

"बरं," मी म्हटलं, "तुम्ही रिटायर झाल्यावर? त्या दिवसापासून या तालुक्यातली माणसं कुणाची? माझे वडील सांगायचे, ज्याचं कुणी नाही त्याचंही काम झालं पाहिजे. तुमच्या नात्यानं ज्यांचं काम होतं त्यांचं तुमच्याबरोबर संपतं."

तिनं तो तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाली, "ते मला म्हाईत न्हाई बाई. ते तू बघ." आणि डबा माझ्याकडे सरकवला. "घे, कारळाची चटणी हाय. तुला एकटीला पोळी गिळताना बघून माझ्याच घशात घास अडकतोय रोज."

भांडणात मी जिंकले होते. चटणी चांगली होती.

जिंकल्याचा उपयोग किती झाला बघा. पुढच्याच आठवड्यात निरोप आला, लातूरला तिकडच्या दवाखान्यांतल्या सिस्टरांना ही पद्धत समजावून सांगायला आमच्याकडून एकीनं जायचं आहे. मी कोरी साडी इस्त्रीला दिली. नाव आलं अक्काचं. साहेब मला फोनवर म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला येतं हो सगळं. पण लोकांना मशीनची भीती वाटते, ती अक्का घालवतील. तुम्ही फक्त त्यांना बोलायचे मुद्दे इंग्रजीत तयार करून द्या."

मी दिले. रिलेशनचा अर्थ जाड अक्षरात दिला. लातूरच्या सभागृहात वीज गेली तेव्हा त्या कागदांनी तिनं वारा घेतला, असं तिनंच परत येऊन सांगितलं. बाकी सगळं तिनं जावयावरूनच समजावून सांगितलं. जावयाला कसं उठवायचं, काय खाऊ घालायचं, रुसला तर कुणाला फोन करायचा. लातूरजवळच्या मुरुडच्या सिस्टरांनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. अजूनही म्हणे तिकडं कॉम्प्युटर अडला की "जावई रुसला" म्हणतात. माणसानं आयुष्यभर शुद्ध लिहावं आणि मागे उरावा तिचा एक शब्द.

लातूरहून तिनं मला साडी आणली. हिरवी. सगळ्यांसमोर माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "तुझं काहीच हिरवं होत न्हाई, म्हून आणली."

मात्र त्या बैठकीनंतर तिची जादू गेली. नांदेडच्या टेबलावर आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं की अक्काचा भाऊ म्हणजे कुणीही. फोन केला की तिकडून पोरं हसायची, "बोला अक्का, आज कोण? दीर की भाचा?" तिनं ऐकलं नाही. ती लावत राहिली नाती. पण ठिपका आता तिचाही माझ्याइतकाच वेळ पिवळा राहू लागला. आठवडाभर मला बरं वाटलं. मग बाकावर तिचे आणि माझे असे सगळेच ताटकळत बसलेले दिसायला लागले आणि बरं वाटायचं थांबलं.

आणि अशातच तुमच्या आजोबांचं झालं.

ते डबा घेऊन स्कूटरवरून यायचे. त्या दिवशी आले, डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि शेजारच्या बाकावर बसले. उकाडा नव्हता आणि त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला होता. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही, जरा दम लागला." ते डाव्या हाताची मूठ उघडझाप करत होते. डॉक्टरांनी इसीजी काढला, पट्टी बघितली आणि मला बघितलं. "सिस्टर, हार्ट अटॅक आहे. इथं देता येतं ते देतो, पण नांदेडला हलवायला हवं. तुम्ही रेफर टाका, मी यांच्याजवळ आहे. नांदेडनं नाही म्हटलं तर लातूर, आणि लातूर यांना झेपणार नाही."

मी जावयापुढे बसले. एक स्पेलिंग चुकलं नाही. कुठल्या बाजूची नस असावी, काय दिलं, रक्तदाब, काय हवं, सगळं लिहिलं. सोबतची व्यक्ती, मी. रिलेशन, वाइफ. पाठवलं.

पिवळा.

अक्का मागे येऊन उभी होती. "टाफचा नवरा हाय म्हून लिव."

"नाही."

"अगं, हे तर खरं हाय. खऱ्याला काय हरकत?"

मी म्हटलं, "हे त्यानं हिरवं झालं, तर इतकी वर्षं माझ्या पिवळ्या पेशंटांना मी काय सांगत होते?" खरं तर एवढं स्पष्ट मला तेव्हा सुचलं नव्हतं. मी नुसती मान हलवत होते आणि पडद्याकडे बघत होते. पलीकडून तुमच्या आजोबांचा कण्हल्याचा आवाज आला. ते कधी कण्हत नाहीत. माझं बोट रकान्याकडे गेलं. गेलं हे सांगते. आणि ठिपका अजून पिवळाच होता.

अक्कानं फोन उचलला आणि स्पीकर लावला, कारण ती फोन नेहमी स्पीकरवरच लावायची.

"अक्का बोलून राहिले."

पलीकडून हसरा आवाज आला. "बोला अक्का. आज कोण? भाऊ?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी दारात पाहिलं होतं तसं, वरपासून खालपर्यंत.

"न्हाई," ती म्हणाली. "माझं कुनी न्हाई."

पलीकडच्यानं विचारलं, "काय म्हणालात?"

"कुनी न्हाई म्हणलं. परका मानूस हाय. आन् लिवलंय आमच्या इनचार्जनं. ती बया कुनाला नातं लावत न्हाई आन् लिवताना एक अक्षर खोटं लिवत न्हाई. तुम्ही तिचं उघडून बघत न्हाई, लांब असतंय म्हून. आता उघड. शेवटपर्यंत वाच. मी थांबले हाय."

तिकडं कळांचा आवाज आला. मग तो मुलगा पुटपुटत वाचू लागला, माझं इंग्रजी, माझे स्वल्पविराम. निम्म्यावर त्याचं पुटपुटणं थांबलं आणि कुणाला तरी त्यानं हाक मारली. फोनवर परत आला तेव्हा आवाज वेगळा होता. "गाडी काढा. लगेच. आम्ही खाली थांबतो."

हिरवा.

पुढे फोनवरचा तो डॉक्टर मला नांदेडला भेटला. म्हणाला, "अक्कांनी परका म्हटलं ना मॅडम, मला घामच फुटला. त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकलाच नव्हता." वाचणं त्यानं निम्म्यावरच सोडलं होतं, रिलेशनच्या रकान्यापर्यंत तो पोचलाच नव्हता, त्यामुळे पेशंट माझा नवरा आहे हे त्याला मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. म्हणजे त्या टेबलावर तुमचे आजोबा कुणाचेही नव्हते आणि त्यांचं काम झालं. माझे वडील असते तर त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं असतं. एवढीच एक गोष्ट मी जन्मभर मागत होते, आणि ती घडली तीही तिच्या तोंडून. सारा तालुका तिचा गोतावळा, आणि त्यातून तिनं एकालाच बाहेर ठेवलं, तो माझा. हेवा कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते मला या ठिकाणी नीट सांगता येत नाही.

आजोबा घरी आल्यावर ती बघायला आली. हातात शहाळं होतं. खाटेशी खुर्ची ओढून बसली आणि पहिल्यांदाच त्यांना एकेरीत म्हणाली, "आता तुला भाऊ म्हणते. त्या दिशी म्हणले असते तर गेला असतास."

आजोबा हसले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "हसवू नका ताई." झालं. मला कुणी विचारलं नाही.

भाऊबीजेला ती ताट घेऊन हजर. मी म्हटलं, "अक्का, आमच्याकडे भाऊबीज करत नाहीत." म्हणाली, "तू नको करू. तू कुठं बहीन हायेस त्याची?" आणि तिनं पाट मांडला. आजोबा गोगलगायीसारखे जाऊन बसले.

त्या दिवसापासून मी तिची भावजय झाले. एवढी वर्षं मी तिच्यावर जळत होते ती साध्या सिस्टरसारखी, आतल्या आत. आता ते उघड झालं. नणंदेवर जळायला भावजयीला कुणाची परवानगी लागत नाही.

माझ्या निरोपाच्या दिवशी तिनंच मला हिरवी साडी नेसायला लावली. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, मधे या." मी पुढे झाले तर अक्कानं मला हातानं बाजूला केलं. "थांब रे. आधी नणंदेचा मान." आणि मधे जाऊन उभी राहिली आणि सुरीही तिनंच उचलली. फोटोत आजोबा माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून हसत आहेत. ते तुम्ही पाहिलं नसेल, तर आता बघा.

तर ती कोण, याचं उत्तर. आजोबांची बहीण म्हणजे तुमची आत्याआजी. पुढच्या रविवारी मी तिला बोलावलं आहे. मी नको म्हटलं असतं तरी ती आलीच असती. फोन लागला की ती माझ्या हातातून ओढून घेईल आणि तुम्हाला विचारेल, "कुनाची रे तुम्ही लेकरं?" तेव्हा काय म्हणायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे. म्हणा. फक्त मला आजी म्हणता त्यापेक्षा मोठ्यानं म्हणू नका.